रिलीज झाला की गूगल आणि एआय परत जुनेच डॉक्स दाखवतात: आमच्याकडे काय काय सापडलं

आधी प्रॉब्लेम सांगतो. आमची लेबल प्रिंटरसाठीची एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, आहे, बाणेरला सहा जणांचं ऑफिस, कस्टमर बहुतेक चाकण-भोसरीकडचे, गोडाऊनमध्ये बारकोडची लेबलं छापणारे. सध्या तिसरं व्हर्जन चालू आहे. पहिल्या व्हर्जनमध्ये कागदाची रुंदी द्यायला पेपर विड्थ नावाचा ऑप्शन होता, तो दुसऱ्यात काढून टाकला आणि त्याऐवजी मीडिया साइज आणला, त्यात रुंदी-उंची एकदमच देता येते. डॉक्स, म्हणजे लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी पेजेस, नवीन लिहिले, उदाहरणं बदलली, विषय संपला असं वाटलं. तरी दर रिलीजनंतर पंधरा-वीस दिवसांत तेच टिकेट. एकदा भोसरीहून फोन आला, मुलगा नवीनच लागलेला कामाला, म्हणाला, "सर, पेपर विड्थ टाकलं की एरर येतोय." मी म्हटलं अरे तो ऑप्शन कधीच काढलाय, तुला कुठं दिसला? तर म्हणे, "एआयला विचारलं सर, त्याने तुमच्याच डॉक्सची लिंक दिलीये." उघडून बघितलं तर खरंच आमचंच पेज, पहिल्या व्हर्जनचं.

मग आम्ही काहीतरी दुरुस्त करायचो, दोन-तीन महिने शांतता, पुढचा रिलीज, आणि ये रे माझ्या मागल्या. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मी हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि आठवडाभर फक्त हेच खणत बसलो. जे सापडलं ते लिहून ठेवतोय, कारण ज्यांचे डॉक्स दोन-तीन व्हर्जनचे आहेत त्यांच्याकडे यातलं निम्मं तरी असणारच.

पहिलं काम म्हणजे चुकीचं उत्तर येतंय कुठून ते ठरवा. तीन वेगवेगळे रस्ते आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. एक म्हणजे मॉडेलच्या डोक्यात ट्रेनिंगच्या वेळी जे भरलंय ते. दुसरं, विचारल्यावर ते त्या क्षणी वेबवर शोधून पेज उघडतं आणि त्यातून उत्तर देतं. तिसरं, तुमचा स्वतःचा सपोर्ट बॉट असेल तर त्याच्या इंडेक्समध्ये जे आहे ते. नवीन चॅट उघडा, वेब सर्च बंद करून प्रश्न विचारा, मग सर्च चालू करून तोच प्रश्न परत विचारा. बंद असताना चूक आणि चालू असताना बरोबर आलं तर तुमची साइट ठीक आहे, मॉडेलच्या आठवणीत जाऊन तुम्ही आज काही बदलू शकत नाही. दोन्हीत चूक असेल तर पुढे वाचा. आणि एक, "तू हे कुठून आणलंस" असं त्यालाच विचारत बसू नका, ते काहीतरी छान रचून सांगतं. उत्तराखाली ज्या लिंक येतात त्या बघा आणि तुमच्या सर्व्हरचे लॉग बघा. लॉगमध्ये एआय कंपन्यांच्या क्रॉलरची, म्हणजे वेबवरची पेजेस आपोआप वाचत फिरणाऱ्या बॉटची, जीपीटीबॉट, ओएआय-सर्चबॉट, क्लॉडबॉट, पर्प्लेक्सिटीबॉट अशी नावं शोधायची आणि कुठल्या पेजला त्यांना २०० (पेज मिळालं) मिळतोय आणि कुठे ४०३ (परवानगी नाही) ते बघायचं. नाव कोणीही लावून येऊ शकतं, पण अंदाज यायला एवढं पुरतं. ४०३ चा ढीग दिसला तर बहुतेक सीडीएनचं (तुमच्या सर्व्हरपुढे बसून पेजेस वाटणारी सेवा) बॉट प्रोटेक्शन असतं, कोणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेलं. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीने तर १ जुलै २०२५ ला जाहीर केलं की नवीन डोमेनसाठी एआय क्रॉलर अडवणं हेच डिफॉल्ट राहील, त्यामुळे डोमेन नवीन असेल तर तिथली सेटिंग आधी बघून घ्या.

आमच्या लॉगमध्ये मजा अशी होती की बॉट नवीन साइटवर येत होते, २०० घेऊन जात होते, आणि तरी उत्तर जुन्या साइटवरून देत होते. हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले आणि उत्तर इतकं साधं निघालं की स्वतःचाच राग आला. आमचे जुने डॉक्स स्फिंक्स या डॉक्स बनवायच्या टूलवर बनवलेले, साधं सरळ एचटीएमएल, दिसायला अगदी सरकारी. नवीन साइट एकदम चकाचक, डाव्या बाजूला मेनू, डार्क मोड, आणि ऑप्शनचा तक्ता जावास्क्रिप्टने एका जेसन फाईलमधून भरला जातो. माणसाला तक्ता दिसतो. पण जो क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवतच नाही त्याला काय दिसतं? ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स बघितलं तर "मीडिया साइज" हा शब्द त्या पेजवर एकदाही नव्हता. एकदाही नाही. हेडिंग होतं, फुटर होता, मध्ये एक रिकामा डबा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. गूगलचा क्रॉलर पेज रेंडर करतो म्हणून गूगलवर थोडंफार तरी यायचं, पण एआयवाले बरेचसे क्रॉलर नुसतं आलेलं एचटीएमएल उचलतात, त्यांच्या दृष्टीने जुन्या साइटवर सगळी माहिती होती आणि नवीन साइटवर काहीच नव्हतं, मग ते जुनी उचलणार नाहीतर काय.

इथे एक गफलत सगळे करतात, मीही केली. इन्स्पेक्ट करून बघू नका. इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं पेज दिसतं, त्यात सगळं व्यवस्थितच असतं. व्ह्यू सोर्स बघा, किंवा कमांड लाइनवर कर्लने पेज ओढा आणि त्यात तुमच्या ऑप्शनचं नाव ग्रेप करा, म्हणजे शोधा. दहा सेकंदांचं काम आहे. टॅबमध्ये लपवलेली उदाहरणं पण अशीच तपासा, कारण काही थीममध्ये टॅबवर क्लिक केल्याशिवाय आतला मजकूर पेजवर येतच नाही. आणि कोडचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांना तर काय बोलायचं, तो कोड माणसाला कॉपी करता येत नाही आणि मशीनला धड शोधता येत नाही. आम्ही तक्ता बिल्डच्या वेळीच, म्हणजे साइटच्या फायली तयार होतानाच, एचटीएमएलमध्ये लिहून टाकायला लागलो, अर्ध्या दिवसाचं काम होतं.

आता येतो मुख्य चोराकडे, जो दर रिलीजला परत येत होता. रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कुठल्या बॉटने साइटवरची कुठली पेजेस वाचू नयेत ते सांगणारी फाईल. ही फाईल तशी म्हातारी, १९९४ पासून चालत आलेली, अधिकृत स्टँडर्ड म्हणून आरएफसी ९३०९ मात्र २०२२ मध्ये झालं. आमच्या स्टेजिंगवर, म्हणजे रिलीजआधी तपासायच्या साइटवर, या फाईलमध्ये दोनच ओळी होत्या: यूजर-एजंटपुढे (बॉटचं नाव) फुली (*), आणि डिसअलाउपुढे एक स्लॅश (/). म्हणजे सगळ्यांना सगळं बंद, स्टेजिंगला ते बरोबरच आहे. पण रिलीजचा स्क्रिप्ट स्टेजिंगचं आख्खं फोल्डर उचलून प्रॉडवर, म्हणजे खऱ्या लाइव्ह साइटवर, टाकायचा, ही फाईल धरून. दर वेळी कोणाच्या तरी लक्षात यायचं, तो सर्व्हरवर जाऊन हाताने फाईल बदलायचा, ग्रुपवर "फिक्स्ड" टाकायचा, त्यावर दोन अंगठे पडायचे, आणि पुढच्या रिलीजला स्क्रिप्ट परत स्टेजिंगची फाईल टाकायचा. मी मागचे मेसेज शोधले तर तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेळा "फिक्स्ड" लिहिलं होतं, त्यातला एक मीच. आणि जुने डॉक्स वेगळ्या सबडोमेनवर आहेत, रोबॉट्सची फाईल ज्या होस्टवर असते तेवढ्याच होस्टला लागू होते, त्यामुळे नवीन घराला कुलूप आणि जुन्या वाड्याची दारं सताड उघडी.

यावरचा उपाय सर्व्हरवर जाऊन करायचाच नाही. फाईल बिल्डमध्ये एन्व्हायर्नमेंट बघून तयार होऊ द्या, आणि डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे साइट लाइव्ह चढल्यावर, एक छोटी स्टेप ठेवा जी लाइव्ह साइटवरून ही फाईल ओढेल आणि त्यात डिसअलाउपुढे नुसता स्लॅश दिसला तर डिप्लॉय लाल, म्हणजे नापास, करेल. हे टाकल्यानंतर पुढच्याच रिलीजला ते एकदा लाल झालं. तेव्हा मला कळलं की कॅशमधून पण जुनी फाईल येऊ शकते.

या फाईलबद्दल अजून दोन-तीन गोष्टी, माहीत असतील तर पुढे जा. ती होस्टच्या मुळाशीच लागते, डॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली तर कोणी ढुंकून बघत नाही. एखाद्या बॉटचं नाव घेऊन वेगळा गट लिहिला की तो बॉट फक्त तोच गट पाळतो, फुलीवाला गट त्याला लागू राहत नाही, त्यामुळे वर फुलीखाली लिहिलेले नियम त्या गटात परत लिहावे लागतात. आणि ट्रेनिंगवाला बॉट वेगळा, सर्चवाला वेगळा. ओपनएआयचा जीपीटीबॉट ट्रेनिंगसाठी, ओएआय-सर्चबॉट सर्चमध्ये दाखवण्यासाठी. तुमच्या मॅनेजमेंटला ट्रेनिंग नको असेल तर पहिला अडवा, दुसऱ्याला येऊ द्या, नाहीतर "एआयमध्ये आपण का दिसत नाही" म्हणून तेच लोक परत तुम्हालाच विचारतील. गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआयसाठीचं रोबॉट्समधलं नाव) अडवलं म्हणून गूगल सर्चमधून तुम्ही जात नाही, ते वेगळं आहे.

जुन्या व्हर्जनचं काय करायचं यावर आमच्याकडे भांडणं झाली. आमचा सीनियर म्हणाला उडवून टाका. उडवता येत नाही, चाकणला दोन ठिकाणी अजून पहिलंच व्हर्जन चालू आहे, त्यांचे प्रिंटर चालतायत, ते कशाला अपग्रेड करतील. मग आम्ही मागे एकदा शहाणपणा केला होता, जुन्या पेजेसवर नोइंडेक्स (सर्चमध्ये हे पेज दाखवू नका अशी खूण) लावला आणि शिवाय रोबॉट्समध्ये जुना होस्ट डिसअलाउ केला, म्हणजे डबल कुलूप. हे एकमेकांच्या पायात पाय घालतं. क्रॉलरला पेज उघडूच दिलं नाही तर त्यावरचा नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? महिनाभर गूगलवर जुन्या लिंका नुसत्या नावानिशी लटकत होत्या, खाली वर्णन नाही काही नाही. वर चाकणवाल्यांची तक्रार की आमचं पेज सापडत नाही. शेवटी दोन्ही काढलं आणि परत पहिल्या जागी आलो.

आता जे ठेवलंय ते असं. जुन्या पेजला नवीन डॉक्समध्ये त्याच विषयाचं पेज असेल तर जुन्यावर कॅनॉनिकल लिंक (मुख्य पेज हे धरा असं सर्च इंजिनला सांगणारी) त्या नेमक्या पेजची, होमपेजची नाही, सगळी जुनी पेजेस होमपेजकडे वळवली तर सर्च इंजिन ते मनावर घेत नाही. कॅनॉनिकल ही विनंती असते, हुकूम नाही, आणि मजकूर खूपच वेगळा असेल तर ती मानली जात नाही, हे धरून चला. डॉक्स बनवायला एमकेडॉक्स वापरत असाल तर साइट यूआरएल भरलाय का बघा, स्फिंक्समध्ये एचटीएमएल बेसयूआरएल, हे रिकामं असेल तर कॅनॉनिकल येतच नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या पेजचा नवीन अवतारच नाही त्यावर फक्त नोइंडेक्स, रोबॉट्समध्ये मोकळं. चाकणवाल्यांना आम्ही जुन्या डॉक्सची थेट लिंक बुकमार्क करून दिली, ते खूश.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आमच्या स्वतःच्या सपोर्ट बॉटने खाल्ला. जुन्या प्रत्येक पेजवर वर पिवळी पट्टी होती, "हे जुनं व्हर्जन आहे." तरी बॉट बिनदिक्कत पेपर विड्थ सांगायचा. का? कारण बॉट पेज आख्खं वाचत नाही. इंडेक्स करताना, म्हणजे बॉटला शोधता यावं म्हणून डॉक्स साठवताना, पेजचे तुकडे पडतात, बहुतेक हेडिंगवर, आणि प्रश्न आला की जवळचे चार-पाच तुकडे उचलून मॉडेलला दिले जातात. पट्टी पहिल्या तुकड्यात गेली, पेपर विड्थ सातव्या तुकड्यात, आणि सातव्या तुकड्याचं हेडिंग होतं नुसतं "सेटिंग्ज". त्या तुकड्यावर हे पहिल्या व्हर्जनचं आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. मॉडेलची यात काय चूक, मला पण तो तुकडा तसा हातात दिला असता तर मीही तेच सांगितलं असतं. आमच्या डॉक्समध्ये "सेटिंग्ज" हे हेडिंग अकरा ठिकाणी होतं, मी मोजलं. आता हेडिंग असतात "लेबलचा आकार ठरवणे (व्हर्जन ३)", "कागद संपल्यावर येणारा एरर (व्हर्जन ३)", वाचायला जरा जड आहेत, डिझाइनवाल्याने नाक मुरडलं, पण तुकडा एकटा पडला तरी कळतं कशाबद्दल आहे ते. शिवाय इंडेक्समध्ये प्रत्येक तुकड्याला व्हर्जनचा टॅग लावला आणि बॉटला सांगितलं की युजरने सांगितलं नाही तर ३ धर. "वर सांगितल्याप्रमाणे", "मागच्या उदाहरणातलाच कोड" असली वाक्यं पण काढली, तुकड्याला वर काय आणि मागे काय.

मग शब्दांचा प्रश्न. पुण्यात लकडी पुलाचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला संभाजी पूल म्हणून सांगा, तो एक मिनिट तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग विचारेल, लकडी पूल का? आमचे डॉक्स सगळे संभाजी पुलाच्या भाषेत लिहिलेले. आम्ही लिहिलंय "मीडिया कॅलिब्रेशन", आणि लोक शोधतात "लेबल वाकडं छापतंय". साइटवरच्या सर्चचा लॉग काढला, ज्यात शून्य रिझल्ट आले ते शब्द वेगळे केले, आणि सपोर्टला जी कलीग बसते तिला विचारलं की लोक फोनवर नेमके काय शब्द वापरतात. तिने न बघता बारा-पंधरा सांगितले, "दोन लेबलं एकदम बाहेर येतायत", "बारकोड स्कॅनच होत नाही", "मराठी अक्षरं चौकोन येतात". हे सगळे शब्द आता पेजवर वाक्यात आहेत, पहिल्या दोन ओळींतच. एररचा मजकूरही जसाच्या तसा, अक्षर न अक्षर, कारण माणूस असो की कोडिंग एजंट (स्वतः कोड लिहून चालवणारा एआय), दोघंही एरर कॉपी करून तोच शोधतात.

एररवरून आठवलं, सगळ्यात फायदेशीर बदल डॉक्समध्ये नव्हताच. आधी पेपर विड्थ टाकलं की लायब्ररी म्हणायची "अननोन ऑप्शन", बस. आता म्हणते की हा ऑप्शन दुसऱ्या व्हर्जनमध्ये काढलाय, त्याऐवजी मीडिया साइज वापरा, आणि पुढे पेजची लिंक. मॉडेलच्या आठवणीत जुना ऑप्शन असू दे खुशाल, एजंट कोड चालवतो, एरर वाचतो, आणि स्वतःच दुरुस्त करतो. भोसरीच्या त्या मुलाचा त्यानंतर फोन नाही. कोडमध्ये एकच ओळ बदलली होती. हे आधी सुचायला पाहिजे होतं.

एआयसाठी साइटची ओळख करून देणाऱ्या एलएलएम्स डॉट टीएक्सटी या फाईलबद्दल सगळेच विचारतात म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी मांडलेला हा प्रस्ताव, साइटच्या मुळाशी मार्कडाउनमध्ये एक फाईल, वर प्रोजेक्टचं नाव, दोन ओळींत तो काय आहे, आणि खाली महत्त्वाच्या पेजच्या लिंका. आम्ही टाकली. पण ती टाकली की एआयमध्ये रँक वाढतो वगैरे जे सांगत फिरतात त्यांच्या नादी लागू नका, तो प्रस्ताव आहे, ती वाचलीच पाहिजे असं कोणावर बंधन नाही. खरा उपयोग होतो तो ज्याने एडिटरमधल्या एजंटला "हे वाच" म्हणून ती लिंक दिली त्याला. फाईल हाताने लिहाल तर सहा महिन्यांत तीच शिळी होईल, बिल्डमधूनच काढा. त्यापेक्षा रेपोमधला (कोड ठेवायची जागा) रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाईल, आणि एजंटसाठी सूचना असलेली एजंट्स डॉट एमडी नीट करा, कोडिंग एजंट आधी तिथे बघतो. आणि एक बारीक गोम, एनपीएम आणि पायपीआय या पॅकेज वाटणाऱ्या साइट्सवर जो रीडमी दिसतो तो पब्लिश करतानाचा असतो, रेपोमध्ये बदलला तरी तिथे पुढचा रिलीज करेपर्यंत जुनाच राहतो. आमच्या पॅकेजच्या पानावर दोन महिने पेपर विड्थचं उदाहरण झळकत होतं आणि आम्ही सगळे रेपोमधला नवा रीडमी बघून खूश.

साइटमॅपचंही (साइटवरच्या सगळ्या पेजेसची क्रॉलरसाठीची यादी) तेच. आमचा बिल्ड दर वेळी सगळ्या पेजेसना आजची लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख लावायचा. गूगल ती तारीख खरी वाटली तरच धरतं, रोज सगळंच बदललं म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार. आता तारीख गिटमधल्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) त्या फाईलच्या शेवटच्या कमिटची, म्हणजे खऱ्या बदलाची, येते.

तपासायला आम्ही दहा प्रश्नांची एक शीट केलीये, सपोर्टच्या भाषेतले प्रश्न, त्यातले तीन मुद्दाम जुन्या ऑप्शनबद्दल. रिलीजनंतर दुसऱ्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी, दोन-तीन एआय टूलला आणि गूगलला तेच प्रश्न. दुसऱ्या दिवशी काही बदल दिसला नाही तर घाबरू नका, रोबॉट्सची फाईलच क्रॉलर २४ तासांपर्यंत कॅश करून ठेवतात, पेज परत वाचायला त्याहून जास्त लागतात. गेल्या दोन रिलीजमध्ये दहापैकी नऊ बरोबर आलीत.

दहावा प्रश्न अडकलाय तो एका पीडीएफमुळे. पहिल्या व्हर्जनचं मॅन्युअल आम्हीच कधीकाळी मेलवर पाठवलं होतं, तीन कस्टमरांनी ते आपापल्या साइटवर चढवून ठेवलं, त्यावर ना आमचा कॅनॉनिकल चालतो ना रोबॉट्स. तिघांनाही नवीन पीडीएफ पाठवली, फाईलच्या नावात आणि प्रत्येक पानाच्या खाली व्हर्जन नंबर टाकून. दोघांनी बदलली. तिसऱ्याला तीन वेळा फोन झाला, दर वेळी "उद्या करतो सर" म्हणतात.